वाकळेची आक्काकडची बाजू

डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक माझ्या डोळ्यांबद्दल आणि एक माझ्या बहिणीच्या. माझी मी ऐकली आणि औषध सुरू केलं. बहिणीची गोष्ट मी तिला सांगितलीच नाही. दोन वर्षं सांगितली नाही. बायको शेजारी बसून ऐकत होती, तिलाही मी गप्प बसवलं.

हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर दिसेनासं झाल्यावर मी सुईदोरा कसा हाती धरला, बोटांनी चाचपत वाकळ, म्हणजे जाड गोधडी, कशी शिवली, हे वाचून कुणाला वाटायचं की माणूस धीराचा आहे. मला काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्यानं नळीतून पाहावं तेवढं दिसतं. ज्याला नुकताच हा आजार निघालाय असा कुणी हे वाचत असेल, तर त्यानं माझ्या वाकळेचं कौतुक करू नये. वाचता वाचता उठावं आणि सख्ख्या भावाबहिणींना फोन करावा. मग परत येऊन बसावं, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मशीन बंद पडलंय का?

मिसरूड फुटल्यापासून मी सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात. मी लागलो तेव्हा काही जुने व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचे. तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा, आणि रुमालाखाली सौदा. आमचे मालक म्हणायचे, "बापू, हळद डोळ्यानं बघायची, पण विश्वास बोटावर ठेवायचा." मी ते हसण्यावारी न्यायचो. माझा विश्वास डोळ्यांवर होता. पोत्यात हात न घालता लांबून हळकुंडाची प्रत सांगायचो आणि त्याचा मला ताठा होता.

मग पोती मला धडकायला लागली. म्हणजे मीच पोत्यांना धडकत होतो, पण मला तसं वाटायचं नाही. कुणीतरी वाटेत ठेवलीत म्हणून मी हमालांवर ओरडायचो. डाव्या बाजूला उभा असलेला शेतकरी "आवं शेठ, कवाधरनं उभा हाय मी," म्हणायचा तेव्हा दचकायचो. एकदा विश्रामबागेत मोटरसायकलवर होतो, डावीकडून रिक्षा आली. कुठून आली ते कळलंच नाही. पडलो, कोपर सोलटलं, रिक्षावाल्याला शिव्या दिल्या. तो बिचारा म्हणाला, "काका, मी हॉर्न देत देत आलोय."

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथं बाजूची नजर तपासायचं एक मशीन असतं. पांढऱ्या कटोऱ्यासारख्या भांड्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकायची, आणि कुठं बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी टेकलो. एक-दोन ठिपके दिसले, दाबलं. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मी विचारलं, "ताई, मशीन बंद पडलंय का?"

मशीन चालवणारी पोरगी हळू आवाजात म्हणाली, "चालू आहे काका. तुम्ही समोर बघत राहा."

त्या वाक्यानंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला निम्म्याहून अधिक आधीच कळलं होतं.

डॉक्टर बाई होत्या, समजावून सांगणाऱ्या. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची, म्हणाल्या. मग विचारलं, "वडिलांना होतं का असं काही?" मला आमचे आण्णा आठवले. माण तालुक्यात आमचं गाव. आण्णा उतारवयात उंबऱ्याला ठेचकाळायचे, ताटाबाहेर भाकरी ठेवायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा चळला.

"सख्खी भावंडं किती?"

"एक बहीण. थोरली. मलकापूरला असते, कराडजवळ."

"त्यांना याच महिन्यात घेऊन या. हा रक्ताच्या नात्यात फिरतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. वेळेत आल्या तर काहीच बिघडणार नाही."

मी "हो" म्हणालो.

आक्काच्या पोटात काही राहत नाही

माझ्या मुलीचं, प्राजूचं, तेव्हा जमत आलं होतं. खंडाळ्याकडचं स्थळ, चांगली माणसं. आणि ते स्थळ आणलं होतं आक्कानंच. बघायला आले तेव्हा मुलाच्या आजोबांनी चहा पिता पिता सहज विचारलं होतं, "घरात काही आजारबिजार?" आक्कानं छाती पुढं काढून सांगितलं होतं, "आवं, आमच्या घराण्यात औषधाची बाटली न्हाई."

आता तिला सांगायचं म्हणजे काय झालं असतं ते मला माहीत होतं. आक्काच्या पोटात काही राहत नाही. ती म्हणाली असती, मी शब्द दिलाय, मीच जाऊन खरं सांगते. आणि आंधळेपणा रक्तात असलेलं घर म्हटल्यावर पाहुणे उठून गेले असते. असं मला वाटलं. विचारून पाहिलं नाही, नुसतं वाटलं.

सुनीता, माझी बायको, अंगणवाडीत आहे. घरी आल्या आल्या म्हणाली, "वन्संना आजच फोन करा."

"लग्न होऊ दे."

"लग्नाला अजून चार महिने आहेत."

"चार महिन्यांत काय होतंय?"

लग्न झालं. अक्षता पडल्या, मुलगी गेली. आठवड्याभरानं सुनीतानं परत विचारलं, "आता सांगितलंत?" मी म्हणालो, सांगतो. आणि इथं मला कळलं की आता सांगणं आणखी अवघड झालंय. आता आजार सांगायचा आणि वर लपवलं तेही सांगायचं. आधी लग्नासाठी गप्प होतो, नंतर लाजेपायी गप्प राहिलो. आक्का सुईत दोरा ओवताना मी बघितलेली होती, एका फटक्यात ओवायची. मी मनाशी म्हणायचो, तिची नजर माझ्याहून तेज आहे. काचबिंदू समोरची नजर शेवटी नेतो, बाजूची आधी, हे मला स्वतःच्या अनुभवानं माहीत असूनही असं म्हणायचो.

काही दिवसांनी सुनीतानं विचारणं सोडून दिलं. तिनं विचारलं नाही की मला बरं वाटायचं, हेही लिहायला हवं.

मिरजेतले दिवस

थेंबांनी दाब आवरेना म्हणून ऑपरेशन ठरलं. वॉर्डात सकाळी आम्हा सगळ्यांच्या कपाळावर, ज्या डोळ्याचं काम त्या बाजूला, चिकटपट्टी लावून ठेवायचे. एका रांगेत बसलेली ती माणसं बघून मला बाजारातल्या खुणा केलेल्या पोत्यांची आठवण झाली.

भीती ऑपरेशनची नव्हती. पट्टी काढल्यावर काय दिसेल याची होती, आणि त्याहून जास्त, काही दिसलंच नाही तर मी घरात कुठं बसू, याची.

शेजारच्या खाटेवर जतकडचे एक आजोबा होते. निम्मं मराठी, निम्मं कानडी. म्हणायचे, "एका डोळ्यानं बायकू अर्धीच दिसतीया. बोलणं बी अर्धंच ऐकू आलं असतं तर देवाला नारळ फोडला असता." त्यांची बायको खाटेखाली डबा उघडत बसलेली असायची, ती खालूनच म्हणायची, "मग माझी बी भाकरी अर्धीच मिळंल." सगळा वॉर्ड हसायचा, आणि डोळ्यावर ताण येतो म्हणून नर्स ओरडायची.

त्या नर्सची एक गोष्ट मी विसरणार नाही. दिवसातून कितीतरी वेळा ती थेंब घालायला यायची आणि प्रत्येक वेळी आधी सांगायची, "काका, आता गार लागेल." एकदाही न सांगता घातला नाही. ज्याला येणारं दिसत नाही, त्याला आधी सांगणं म्हणजे काय, ते मी तिथं पडून शिकलो. आणि तरीही आक्काला सांगितलं नाही.

जागेवर नसलेला माणूस

घरी आल्यावर दुकान सुटलं. मालकांनी "बसून राहा, हिशेबाला सोबत" म्हटलं, पण मला ती दया नको होती. मी घरात बसलो आणि घराला त्रास द्यायला लागलो. एकदा न्हाणीच्या दारातल्या बादलीला अडखळलो आणि सुनीतावर ओरडलो की बादली वाटेत का ठेवलीस.

ती शांतपणे म्हणाली, "बादली लग्न झाल्यापासून तिथंच आहे. जागेवर तुम्ही नाही."

मग तिनंच आक्काला बोलावून घेतलं. मला न विचारता.

आक्का आली ती एक भलं मोठं गाठोडं घेऊन. आत जुनी लुगडी, दाजींची फाटकी धोतरं, कुणाकुणाचे सदरे. गाठोडं माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, "बसून बसून गुडघं धरत्याल तुजं. ऊठ. वाकळ घालूया."

"मी? वाकळ?"

"मग काय मी सांगलीला तुझं तोंड बघाय आलीया? आन् त्ये बी काय बघण्यासारखं हाय व्हय?"

"आक्का, मला दिसत नाही."

"दिसाय कशाला पायजे? आईनं आपल्या समद्या वाकळा सांजच्याला घातल्या, तवा घरात कंदील हुता का चंद्र? हाताला दिसतंय समदं."

हाताला दिसणारं

तिनं फरशीवर खाली एक लुगडं अंथरलं, त्यावर धोतरांचे थर, त्यावर आईची हिरवी इरकल. कोपरे ताणून लांब लांब टाके घालून सगळं पक्कं केलं, म्हणजे थर सरकत नाहीत. मग सुया. मला ओवता येईनात म्हणून ती सकाळीच ओळीनं सुया ओवून जुन्या चपलेच्या रबरात खोचून ठेवायची. चपलेचा तुकडा माझ्या उजव्या गुडघ्याजवळ, कात्री त्याच्या पलीकडे. "जागा बदलायची न्हाई. बदललीस तर हातावर फटका."

वाकळ कडेपासून आत शिवत जातात. काठाला समांतर एक ओळ, मग तिच्या आत दुसरी. ओळ सरळ कशी राहायची? आक्कानं माझा डावा अंगठा धरून आधीच्या ओळीवर ठेवला. "ह्यो अंगठा हितनं हलवायचा न्हाई, नुसता सरकवायचा. आन् सुई त्याच्या ह्या अंगाला. तुझा अंगठाच पट्टी."

पहिल्या दिवशी बोटं भोसकून घेतली. दुसऱ्या दिवशी मी माझा सदरा वाकळेला शिवून टाकला आणि उठायला गेलो तर वाकळ बरोबर उठली. आक्का हसून हसून आडवी झाली. "आता हिच्याबरूबरच संसार कर, सुनीता सुटली!" सुनीता स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्सं, लगेच वाटे लावू नका." कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

यार्डातला माझा जुना सोबती भेटायला आला. मला सुई धरलेली बघून म्हणाला, "काय गड्या, बाळंतविडा कुणासाठनं?"

आक्कानं परस्पर उत्तर दिलं, "तुझ्यासाठनं. पोट बग किती पुढं आलंया."

मला शिवणं आवडायला लागलं. सकाळी उठल्यावर काहीतरी वाट बघतंय, असं वाटायला लागलं. कापड बोटांखाली आलं की ते कुणाचं ते कळायचं. आईची इरकल मऊ, पण काठ अजून करकरीत. धोतराचा पोत सायीसारखा. सदऱ्याची खिशाची शिवण लागली की मी थांबून विचारायचो, हा कुणाचा? आणि आक्का सांगत बसायची.

आम्ही माणात होतो तेव्हाचं सगळं परत आलं. नवरात्रात घट बसायच्या आधी आई घरातल्या सगळ्या वाकळा काढायची, वर्षाचा धूर, धूळ, ढेकणं सगळं धुवायला. नदीला पाणी असलं तर नदीला, नसलं तर कुणाच्या तरी विहिरीच्या पाटाला. पाण्यानं वाकळ इतकी जड व्हायची की दोघांनी पिळावी लागायची. एक टोक आक्काकडे, एक माझ्याकडे. तिनं एका अंगाला पिळायचं आणि मी त्याच्या उलट. मी दरवेळी चुकायचो, ती पिळेल तिकडंच पिळायचो, आणि वाकळ नुसती आमच्यामध्ये फिरत राहायची, पाण्याचा थेंब पडायचा नाही. आक्का ओरडायची, "आरं माझ्या उलटं, उलटं!" मग संध्याकाळी उन्हात वाळलेली कडक वाकळ घरात यायची, आणि त्या पहिल्या रात्री तिला नदीच्या दगडांचा वास यायचा. थंडीत मी आक्काच्या पाठीला चिकटून झोपायचो. बाहेर कोल्ही ओरडली की ती वाकळ माझ्या डोक्यावरून ओढायची आणि म्हणायची, "आता तू कुणाला दिसत न्हाईस."

हे आठवताना मला सुख व्हायचं आणि लगेच त्याच्या खालून दुसरं काहीतरी टोचायचं. जिनं मला असं झाकलं होतं, तिच्यापासूनच मी काय झाकून ठेवलंय, ते.

दोन ओळी एकत्र

मोठी वाकळ एकट्यानं होत नाही. दोघं समोरासमोर बसतात, आपापल्या काठापासून आत येतात आणि मध्यावर भेटतात. आक्का त्या बाजूला, मी ह्या.

एक दिवस ती सुनीताबरोबर भाजी आणायला गेली होती. माझा दोरा संपला, म्हणून मी हात टेकत तिच्या बाजूला गेलो. सहज तिच्या ओळींवरून बोटं फिरवली. मला वाटलं, उस्तादाचं काम कसं असतं ते हातानं बघावं.

पहिल्या ओळी तारेसारख्या होत्या. पण पुढं एका ठिकाणी एक ओळ वळत वळत आधीच्या ओळीत शिरली. तिथून दोघींची एकच ओळ झाली. तिच्या पलीकडे मोठी मोकळी जागा, तळहात मावेल एवढी, आणि मग पुन्हा ओळ. मी पुढं चाचपत गेलो. तसंच आणखी एका ठिकाणी होतं. आणि दोन्ही एकाच अंगाला.

टाके मात्र एकेक बारीक आणि सारखे. सुईच्या टोकाखालचं तिला स्वच्छ दिसत होतं. दिसत नव्हती ती शेजारची ओळ.

ती आल्यावर मी चेष्टेत म्हणालो, "आक्का, तुझी ओळ माझ्यापेक्षा वाकडी झालीय."

"आंधळ्यानं डोळसाला शिकवू न्हाई," ती म्हणाली आणि खाली बसली. मग डाव्या हाताला ठेवलेली कात्री शोधू लागली. कात्री तिच्या गुडघ्याला लागून होती. मला ती दिसत नव्हती, पण ती फरशीवर घासल्याचा आवाज मी ऐकला होता. आक्का पुढं चाचपत होती, मागं चाचपत होती. "सुनीते, कात्री कुटं ठिवलीस गं?"

मला विश्रामबागेतली ती रिक्षा आठवली.

त्याला कुणी सांगितलं असतं तर

तरी मी तिला खरं सांगितलं नाही. म्हणालो, "माझी तपासणी आहे, सुनीताला सुट्टी नाही, तू चल सोबत." मिरजेला गेल्यावर म्हणालो, "आलीच आहेस तर तुझेही डोळे दाखव." ती नको नको म्हणत होती, मी तिच्या नावाचा कागद काढला.

त्या मशीनच्या खोलीबाहेर मी बाकावर बसलो होतो. दार किलकिलं होतं. आतून आक्काचा आवाज आला, "बाय, ह्ये चालू हाय न्हवं?"

आतले डॉक्टर नवे होते. ते म्हणाले, "डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेलीय. उजव्याची सुरुवात आहे, तो राखता येईल. दोन वर्षांपूर्वी आल्या असतात तर डावाही वाचला असता." मग माझा कागद बघून त्यांनी मला विचारलं, "तुम्हालाही आहे. बहिणीला दाखवा, असं तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

मी तोंड उघडायच्या आत आक्काच बोलली.

"आवं डाक्टर, त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यो अनवाणी पळत आला असता माझ्याकडं. माझा भाऊ हाय त्यो."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर बाकावर बसलो. तिच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला सगळं अंधुक. माझं तोंड तिला धड दिसत नव्हतं, म्हणूनच बहुतेक माझ्यानं बोलवलं. सगळं सांगितलं. पहिल्या डॉक्टर बाई काय म्हणाल्या होत्या, प्राजूचं लग्न, पाहुण्यांच्या आजोबांचा प्रश्न, तिनं दिलेला शब्द, तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून मला वाटलेली धास्ती. मी बराच वेळ बोलत होतो.

आक्कानं विचारलं, "सुनीताला ठावं हुतं?"

"ती सांग म्हणत होती. मीच तिला…"

"झालं तुजं सांगून?"

"हो."

"प्राजूचं नाव घेतलंस. पाव्हण्यांचं घेतलंस. माझ्या पोटाचं बी घेतलंस." ती उठली. "तुजं तेवढं न्हाई घेतलंस बापू. मला स्टँडवर सोड."

स्टँडसमोरचा रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला. धरणं भागच होतं, डाव्या बाजूचं दोघांनाही दिसत नव्हतं. पलीकडे गेल्यावर सोडला.

म्हशीकडं गेलेली बाई

मी रोज फोन करायचो. दाजी उचलायचे. दाजी फौजेतून हवालदार होऊन आलेले, मोजकं बोलणारे. "ती म्हशीकडं गेलीया." सकाळी म्हशीकडे, दुपारी म्हशीकडे. त्या म्हशीला इतकी माया कुणी लावली नसेल. एकदा पाठीमागून आक्काचाच आवाज आला, "सांगा, म्हशीकडं गेलीया म्हनून."

सुनीता म्हणाली, "मी तुमच्याबरोबर गप्प बसले, ते माझंही चुकलं. आता बसणार नाही." तिनं माझ्यासमोर प्राजूला फोन लावून माझ्या हातात दिला. मी मुलीला सगळं सांगितलं आणि डोळे तपासून घे म्हणालो.  ती म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी आत्तीचा डोळा? मला विचारायचं तरी." सासरी तिनं स्वतःच सांगितलं. तिच्या सासूबाई काही दिवस घुश्श्यात होत्या, असं नंतर कळलं. पण जावई दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन तपासायला गेला. सध्या काही नाही, वर्षातून एकदा दाखवायचं आहे. ज्याच्या भीतीनं मी एवढं केलं, ते एवढंच निघालं. आणि ते याहून वाईट निघालं असतं, लग्न मोडलंही असतं, तरी माझं वागणं बरोबर ठरलं नसतं, हे कळायला मला फार उशीर झाला.

वाकळ तशीच पसरलेली होती. मी माझ्या बाजूनं शिवत मध्यापर्यंत गेलो. पुढं आक्काची बाजू. सुनीता म्हणाली, "वन्संच्या त्या ओळी उसवून नीट घालू का? कुणाला कळणार नाही." मी नको म्हणालो. बाहेर कुणी आलं, पाय पुसून वाकळेवर बसायला लागलं, की मी त्यांना त्या बाजूला बसू द्यायचो नाही.

शिवताना बोटांना काम असतं आणि डोकं मोकळं. तिथं बसूनच मला आक्काचं बोलणं हळूहळू कळत गेलं. बाकावर मी तिला सगळं खरं सांगितलं होतं, पण प्रत्येक खऱ्यापुढं एकेक कारण उभं केलं होतं. मी तिला दिसू नये म्हणून जणू.

मलकापूर

शेवटी न सांगता गेलो. सुनीता बरोबर होती. दुपारची वेळ. ओट्यावर दाजी बसलेले. सूनबाई आक्काचं डोकं मागं टेकवून तिच्या डोळ्यांत थेंब घालत होती आणि भाचा संतोष बाटली धरून उभा होता. आमची चाहूल लागली तसे सगळे थांबले. आक्का डोळे मिटूनच म्हणाली, "कोण हाय?"

"बापू आलाय," दाजी म्हणाले.

तिनं पदरानं गालावरचं औषध टिपलं. सूनबाईनं पाणी आणून दिलं.  मग दाजींनाच राहवेना. ते म्हणाले, "बसा पाव्हणं. झालं त्ये झालं. नशिबाचा भाग असतोय. आमच्या पल्टनीत धडधाकट माणसं बघता बघता गेली. कुणाच्या हातात हाय?"

संतोष म्हणाला, "व्हय मामा. आनि डाक्टर म्हणालाय, उजवा ऱ्हाणार."

सगळ्यांनी मिळून मला दार उघडून दिलं होतं. नशीब म्हणायचं, मान हलवायची आणि चहा प्यायचा. आक्कासुद्धा बहुतेक काही म्हणाली नसती. माझं मन त्या दाराकडे गेलं, खोटं का सांगू?

मी ग्लास खाली ठेवला. ती बसली होती तिथं चाचपत गेलो आणि तिच्या पायांपाशी जमिनीवर बसलो.

"नशीब न्हवं दाजी," मी म्हणालो. "संतोष, तू पण ऐक, आणि उद्याच जाऊन तुझे डोळे तपासून घे. आक्का, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, बहिणीला घेऊन या, तिचे डोळे वाचतील. मी ऐकलं होतं. मला कळलं होतं. मी तुला सांगितलं न्हाई. तुझा डावा डोळा माझ्यामुळं गेला. दुसऱ्या कुणामुळं न्हाई, माझ्यामुळं. माझं चुकलं आक्का. मला माफ कर."